घरात सांगजो, चांद्या

आमचे मामाजी माझ्याशी कधी बोलत नसत. भांडण नव्हतं, अबोला नव्हता, उलट त्या घरात माझ्या बाजूनं कोण असेल तर तेच. पण बोलणं नाही. मामाजी म्हणजे माझे सासरे. तिवशाहून आत गेलं की आमचं गाव लागतं. त्यांच्या पिढीच्या सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायचं नाही, सुनेनं त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, हे त्या गावात इतकं मुरलेलं की ही एक रीत आहे असंही कोणाला वाटत नसे. मी अकोल्याची, मास्तराच्या घरातली, बी.एड. झालेली. लग्नानंतर सुरुवातीला मला वाटलं, या माणसाला मी पसंत नाही. पुढे कळलं की पारावर बसून ते "आमच्या सूनबाई विज्ञान शिकवतात" असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असत. मी दिसले की मात्र टोपी सारखी करत दुसरीकडे पाहत.

सासूबाई होत्या तोवर अडचण नव्हती. मामाजी ताटावरून म्हणत, "अवो, सूनबाईले सांग, वरनात हिंग जास्त झाला." मी तिथेच उभी, हात लांब केला तर पोचेल इतकी जवळ. सासूबाई माझ्याकडे वळून सांगत, "हिंग जास्त झाला म्हंतात." मी म्हणे, "उद्या कमी टाकते म्हना." त्या पुन्हा तिकडे तोंड करून तेच सांगत. सुरुवातीला मला हसू आवरत नसे, मग तेही सवयीचं झालं.

मग सासूबाई गेल्या. तेरवी झाली, पाहुणे पांगले आणि घरात मामाजी आणि मी अशी दोनच माणसं उरली. यांची, माझ्या नवऱ्याची, नोकरी बडनेऱ्याला, रेल्वेत. तिथंच क्वार्टरमध्ये राहायचे आणि सुट्टीला गावी यायचे. माझी शाळा तिवशाची, शिवाय मामाजींपाशी कोणीतरी हवंच होतं. आता निरोप पोचवणार कोण? मी चहा करून छपरीच्या, म्हणजे पुढच्या ओसरीच्या, उंबरठ्याशी ठेवायची, ते प्यायचे आणि कप जागेवर ठेवायचे. घर अगदी मुकं झालं होतं. एके सकाळी मी आत भांडी लावत असताना अंगणातून त्यांचा आवाज आला, "चांद्या, घरात सांगजो, आज चहा बेस झाला."

चांद्या म्हणजे आमचा बैल. कपाळावर पांढरा चंद्र, म्हणून चांद्या. त्याचा जोडीदार मेला, शेतात ट्रॅक्टर आला, तेव्हा सगळ्यांनी सांगितलं की एकटा बैल ठेवून काय करता, विकून टाका. मामाजींनी विकला नाही. अंगणात कडुनिंबाखाली तो बांधलेला असे, छपरीपासून आठ-दहा पावलांवर आणि स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. निरोप्याच्या कामाला याहून सोयीची जागा नव्हती. मी खिडकीतून म्हणाले, "चांद्या, अजून घेता का म्हना." बैलानं कान हलवला. मामाजी म्हणाले, "अर्धा कप म्हना." त्या दिवसापासून आमच्या घराचा सगळा कारभार त्या बिचाऱ्या जनावराच्या कानांवरून चालू झाला. गॅस संपला, तुरीला अळी पडली, तुमच्या माहेरी लग्न आहे तर चार दिवस जाऊन या, सगळं चांद्याला. पोळ्याला त्याची शिंगं रंगवताना मामाजी त्याला म्हणाले होते, "तुह्याशिवाय या घरचं पान हलत नाई गड्या." ते काही खोटं नव्हतं.

माणसाशी इतका संकोच करणारा हा माणूस जनावरांच्या बाबतीत मात्र अगदी मोकळा होता. गाय माजावर आली, व्याल्यावर म्हशीची वार पडली नाही, गोऱ्ह्याची लघवी तुंबली, हे सगळं अंगणात उभं राहून, फोन कानाला लावून, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात जनावरांच्या डॉक्टरला सांगत. मी आत लाजेनं चूर. डॉक्टर आले की मामाजी शेपूट बाजूला करून, कंदील नाही तर मोबाईलचा उजेड धरून, सूज कुठे, पू कसा, वास कसा, सगळं दाखवत. कोणी नाक मुरडलं तर म्हणत, "जनावर बोलत नाई बापा, म्हनून आपल्याले पाहा लागते. त्याले कायची लाज आन् आपल्याले कायची?"

मला लाज होती, आणि तीही थोडीथोडकी नव्हे. मी दहावीला विज्ञान शिकवत होते आणि प्रजननाचा धडा आला की "हा घरी वाचून या, परीक्षेत आकृती येते" एवढं सांगून फळ्यावर पुढच्या धड्याचं नाव लिहीत होते. सगळ्याच शाळांत तसंच चाले. मुलं खाली मान घालून हसत आणि मी पाठमोरी उभी राहून खडू झटकत असे. अवयवांची नावं मराठीत म्हटली तर शिवीसारखी वाटतात आणि पुस्तकातली म्हटली तर श्लोकासारखी. घरी-दारी आम्ही सगळे "तिकडचं", "खालचं", "तसलं" एवढ्यावरच भागवत आलो.

मामाजींचं धोतर हा गावात कौतुकाचा विषय होता. निळीत घातलेलं, पांढरंशुभ्र. ते मी धुवत असे आणि त्यात माझाही थोडा मान होता. एका थंडीत मी उठायच्या आत धोतर धुऊन मागच्या तारेवर वाळत पडलेलं दिसायला लागलं. पहिल्या दिवशी वाटलं, चिखल लागला असेल. मग ते रोजचंच झालं. मी चांद्याला म्हणाले, "धोतरं बादलीत टाकत जा म्हना, मी हाय नं." उत्तर आलं, "राहू दे म्हना, मले काम काय रायते." मला ते लागलं. शेजारच्या काकूंनी तर तोंडावर विचारलं की सासऱ्याला धोतर धुवायला लावतेस का गं. मला वाटलं, माझ्या धुण्यात खोट काढली, आणि ती चांद्यामार्फत सांगावी इतकंही मला मानलं नाही. काही दिवस मी फुगूनच होते. वरणात हिंग मुद्दाम जास्त टाकत होते.

त्याच सुमाराला चांद्याच्या मांडीला काटेरी तारेची जखम झाली होती. डॉक्टरांनी मलमाची ट्यूब दिली, जखम भरली, वर केसही आले. पण भिंतीतल्या दिवळीतली ट्यूब रिकामी होतच राहिली. एकदा जनावरांचे डॉक्टर गल्लीतून जात असताना मामाजींनी त्यांना थांबवून आणखी एक मागितली. ते म्हणाले, "भरली ना जखम, आता काय करता?" मामाजी म्हणाले, "राहू द्या घरात." मी खिडकीत होते. मग एकेक गोष्ट दिसायला लागली. मामाजी चालताना पाय जरा फाकवून टाकत होते. पारावर जायचं त्यांनी बंद केलं होतं. परसात लघवीला जात तेव्हा बराच वेळ येत नसत, आणि आले की छपरीच्या खांबाला धरून डोळे मिटून उभे राहत. एक दिवस तारेवरच्या धोतरावर फिकट तांबूस डाग दिसला. नीळ घालूनही तो गेला नव्हता. मला कळलं. आणि कळल्याबरोबर जी लाज वाटली ती आजही अंगावर येते. वडिलांसारख्या माणसाच्या शरीराबद्दल, तेही त्या जागेबद्दल, आपल्या मनात विचार यावा याचीच लाज. मी धोतर तसंच तारेवर ठेवून घरात पळाले, चोरी करताना सापडल्यासारखी.

यांना फोन केला. काय सांगायचं ते तीनदा जुळवून घेतलं होतं, तरी तोंडातून निघालं ते एवढंच की मामाजींना तिकडे काहीतरी झालं आहे. हे म्हणाले, "तुले कोनं सांगतलं?" म्हटलं, कोणी नाही. मग हे म्हणाले की सुट्टीला येतो तेव्हा पाहतो. आले. बापलेक अंगणात बाजा टाकून बसले, सोयाबीनचा भाव, बोअरचं पाणी, रेल्वेतली बदली, सगळं बोलले. जेवले. निघताना मी दाराशी उभी राहून यांच्या तोंडाकडे पाहिलं. यांनी चपला घालायला मान खाली घातली ती बस स्टँडला जाईपर्यंत वर केली नसेल. रात्री फोनवर म्हणाले, "मी बाबाले कसं इचारू? जन्मात कधी इचारलं नाई तसं."

अकोल्याच्या कॉलेजातली माझी एक मैत्रीण अमरावतीत डॉक्टर आहे. तिला फोन केला आणि "आमच्या ओळखीतले एक आहेत" अशी सुरुवात केली. तिनं यांचाच विषय आहे असं धरून मला धीर द्यायला सुरुवात केली, आणि ते खोडून काढायलाही मला शरम वाटली. पण ती सरळ बोलली, माझ्यासारखी आडवळणानं नाही. म्हणाली, लिंगाच्या पुढच्या कातडीखाली खाज, लाली, सूज येते ती पुष्कळदा साध्या संसर्गाची असते आणि औषधानं बरी होते, पण आधी साखर तपासायची, कारण मधुमेह असतो आणि माणसाला ठाऊक नसतो. कातडी मागे सरत नाहीशी झाली, लघवीला जळजळ होते, धार बारीक झाली, तर दाखवायचं. वृषणात गाठ हाताला लागली, एक बाजू जड वाटायला लागली, तर ती दुखत नसली तरी दाखवायचं. एकाएकी भयंकर दुखायला लागलं तर सकाळची वाट न पाहता तसंच निघायचं. आणि जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तिथं गाठ झाली, रक्त किंवा घाण वासाचं पाणी येऊ लागलं, तर एक दिवसही घरी बसायचं नाही, कारण तो कर्करोग असू शकतो आणि लवकर सापडला तर माणूस वाचतो. "मलमं चोपडत बसू नका. आणि त्यांना सांग, डॉक्टर रोज हेच पाहतात. आम्हाला त्यात काही नवल नसतं." मी पदरानं कपाळ पुसलं. भर थंडीत घाम आला होता.

आता मला सगळं माहीत होतं आणि सांगायला तोंड नव्हतं. मामाजी दिवसेंदिवस वाळत होते. हरभरा काढणीला आला तरी शेताकडे फिरकले नाहीत. एका संध्याकाळी ते छपरीत बाजेवर बसले होते. मी डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला, बादली उचलली आणि चांद्याला पाणी पाजायला गेले. ते काम कधीच माझं नव्हतं, म्हणून मामाजींनी मान वर केली असावी. मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले. बादली चांद्याच्या तोंडापुढं ठेवली.

मी म्हणाले, "चांद्या, तुह्या मांडीले तार लागली तं दुसऱ्या दिवशी डाक्टर आला. मानसाले तशी जखम झाली, भरून नाई रायली, तं त्याले काहून डाक्टर नाई?"

मागून खाकरणं ऐकू आलं. नेहमीचं, येतोय असं कळवणारं नव्हे. मग, "चांद्या, त्याईले सांग, हे बोलाचं नोय म्हना."

मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. पण एकदा सुरू केलं होतं. मैत्रिणीनं सांगितलेलं सगळं मी चांद्याला सांगितलं. साखरेचं सांगितलं, जळजळीचं सांगितलं, मलम जनावराचं आहे ते माणसाला लावू नये हे सांगितलं. शब्द टाळत टाळतच, पण जखम कुठली ते दोघांनाही कळत होतं. शेवटी मी म्हणाले, "लौकर गेलं तं मानूस वाचते, उशीर झाला तं मंग कोनाच्या हाती नाई. चांद्या, या घरात एक मानूस आधीच कमी हाय. आनखी कमी झाल्यावर मी कोनाले चहा देऊ?"

चांद्यानं बादलीत तोंड घातलं आणि पाणी पीत राहिला. बादलीचा तळ लागला.

"चांद्या," मामाजी म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी ओळखला नसता, "लय दिवस झाले म्हना. दिवाळीच्या आधीपासून हाय. आता गाठ झाली."

मी रिकामी बादली घेऊन घरात आले आणि चुलीपुढं नुसती बसून राहिले.

हे रजा टाकून आले आणि आम्ही अमरावतीला गेलो. लघवीच्या आजारांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बाकांवर सगळे पुरुष, एकमेकांकडे न पाहणारे. आमचा नंबर लागला तसे हे आणि मामाजी आत गेले. मी बाहेर थांबले, तेच बरं होतं. जरा वेळानं जुने कागद मागायला नर्सनं मला बोलावलं, मी दारात गेले आणि आतलं ऐकलं. डॉक्टर विचारत होते, काय त्रास. मामाजी म्हणत होते, "पोटात दुखते." किती दिवसांपासून? "असंच अधूनमधून." हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे इतक्या बारकाईनं पाहत होते की जणू त्यात यांच्याच ड्युट्या लिहिल्या होत्या. डॉक्टरांनी गॅसच्या गोळ्यांचं काहीतरी म्हणत पेन उचललं.

मला वाटलं, आता गेलं. एवढं सगळं करून पोटाचं औषध घेऊन घरी जायचं. मी आत पाऊल टाकलं. पुढे बैल नव्हता, खिडकी नव्हती. तीन पुरुष माझ्याकडे पाहत होते. कान तापले, तरी मी "डॉक्टर, पोट नाही" इथवर आले.

तेव्हा मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. सरळ, डोळ्यांत. लग्न होऊन मी त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा.

"सूनबाई," ते म्हणाले, "तुमी बाहीर बसा. मी सांगतो डाक्टरले."

बाहेर बाकावर बसून मी खूप रडले. बाजूच्या माणसाला वाटलं असेल की आत कोणी दगावलं. दारातून मामाजींचा आवाज येत होता, तोच अंगणातला, सूज कुठे, पाणी कसं, वास कसा. एकदा तोंड फुटल्यावर त्यांनी काही शिल्लक ठेवलं नाही. फक्त या वेळी बैल ते स्वतःच होते.

तुकडा तपासायला पाठवला, तो कर्करोगाचा निघाला. साखरही निघाली, बरीच जुनी. डॉक्टर रागावले नाहीत, पण म्हणाले की दिवाळीला आला असता तर थोडक्यात भागलं असतं. ऑपरेशनमध्ये काही भाग काढावा लागला. लघवीचा मार्ग ठीक राहिला, जीव वाचला, म्हणून आम्ही देवाचे आभार मानले आणि गावाला सांगितलं की मूतखड्याचं ऑपरेशन झालं. ते यांनी ठरवलं, मीही मान डोलावली. दवाखान्यातून घरी आल्यावर मामाजी माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत. दुसऱ्या सकाळी छपरीतून आवाज आला, "चांद्या, घरात सांगजो, पेज पातळ झाली." मला इतकं बरं वाटलं की मी ती पेज दुसऱ्यांदा केली.

मूतखडा काही फार दिवस टिकला नाही. पिठाच्या गिरणीवाले गुलाबराव एक दिवस आले, मामाजींच्या वयाचे. इकडचं तिकडचं झालं आणि मग म्हणाले की बैलाला जरा जखम झाली आहे, तुमच्याकडे ते मलम असेल तर द्या. मी खिडकीशी शेंगा सोलत होते. मामाजी बाजेवर सरळ बसले.

"गुलाबराव," ते म्हणाले, "तुह्या घरी बैल हाय कुठी? इकून दोन वर्सं झाली."

गुलाबराव उठायला लागले. मामाजींनी त्यांचा हात धरून खाली बसवलं आणि म्हणाले, "माहा मूतखडा नोयता." मग स्वतःचं सगळं सांगितलं, काय होतं, कुठे होतं, काय कापलं. मी शेंगा टाकून मिक्सर लावला, रिकामाच, म्हणजे मला ऐकू येऊ नये आणि मला ऐकू येत नाही हे त्यांना कळावं. मिक्सर थांबवला तेव्हा मामाजी म्हणत होते, "जनावर बोलत नाई म्हनून आपन पाहतो. जो मानूस बोलत नाई त्याले कोन पाहीन?" गुलाबरावांना साखरेमुळे झालेला साधा संसर्ग निघाला. औषध आणि रोजची स्वच्छता, एवढ्यावर बरे झाले. त्यांनी ते मामाजींना सांगितलं आणि, पुरुषच ते, पारावरही सांगितलं.

मग आमच्या अंगणात पुरुषमाणसं यायला लागली. तरणी येत, म्हातारी येत. येऊन मामाजींसमोर नीट बसत नसत, चांद्याच्या पाठीवर हात फिरवत उभी राहत आणि त्याच्या मानेकडे पाहत बोलत. मामाजी बाजेवरून ऐकत. कोणाला सांगत, नेहमीचं आहे, घाबरू नको. पुष्कळांना सांगत, मले काय समजते, डाक्टरकडं जा. कोणी फारच लाजला तर स्वतः एसटीत बसून त्याच्याबरोबर जात. मी या सगळ्या काळात मिक्सर फार वापरला, वीजबिलावरून यांनी एकदा विचारलंही. लाज माझी गेली नव्हती, आजही पुरती गेलेली नाही. पण त्या वर्षी दहावीच्या वर्गात मी तो धडा उघडला, फळ्यावर आकृती काढली आणि एकेक नाव मोठ्यानं वाचलं. कान तापले होते. मुलं हसली आणि थोड्या वेळानं हसायची थांबली.

काही काळानं मामाजींच्या जांघेत गाठी आल्या. उशीर झाला होता त्याची ती वसुली होती. नागपूरला नेलं, उपचार झाले, मग त्यांनीच सांगितलं की आता घरी. शेवटच्या दिवसांत ते छपरीत बाजेवर पडून असत, तोंड चांद्याकडे करून. मी औषध पाजायला जवळ गेले की डोळे मिटून घेत, संकोच त्यांनी तिथपर्यंत सांभाळला. एका दुपारी मी पाणी घेऊन गेले तेव्हा डोळे मिटले नाहीत. "सूनबाई," म्हणाले. दुसऱ्यांदा, आणि तेच शेवटचं. "चांद्याले इकू नका. कोनाले काई सांगा लागलं तं?"

चांद्या आम्ही विकला नाही. तो आता म्हातारा झाला आहे, ऐकूही कमी येत असावं. मामाजी गेल्यावर माणसं यायची थांबली, मीही गावात एकटीच, पदर डोक्यावर घेऊन शाळेत जाणारी-येणारी. हे सुट्टीला येतात तेव्हा छपरीत वडिलांच्याच बाजेवर बसतात.

गेल्या उन्हाळ्यात हे आले होते. जेवण धड केलं नाही, दोनदा विचारलं तर काही नाही म्हणाले. संध्याकाळी मी कणीक मळत होते. अंगणातून खाकरल्याचा आवाज आला, अगदी मामाजींसारखा, आणि माझे हात जागच्या जागी थांबले. खिडकीतून पाहिलं तर हे चांद्याच्या जवळ उभे, त्याच्या कपाळावरच्या चंद्रावर हात ठेवून, खिडकीकडे पाठ करून.

"चांद्या," हे म्हणाले, "घरात सांगजो. मले आंघोळ करताना एका बाजूले गाठ लागली म्हना. दुखत नाई. पन हाय."

मी कणकेच्या हातांनी तशीच अंगणात आले.

"सांगतलं चांद्यानं," मी म्हणाले. "उद्या पहिल्या गाडीनं निघू. मी आत येईन तुमच्यासंगं."